खडूची खूण

संभाजीराव ओव्हाळ ड्रमचा वास घ्यायला वाकले की शेडमधली माणसं बोलायची थांबत. मी हे स्वतः पाहिलेलं नाही. मी येरवड्याला त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांच्या नाकाला वास येईनासा होऊन चार वर्षं झाली होती, आणि ही गोष्ट त्यांच्याखेरीज एकाच माणसाला ठाऊक होती, ती म्हणजे त्यांची बायको सुंदराबाई. पण त्याआधीचे संभाजीराव कसे होते हे सांगणारे पुष्कळ भेटतात. नगर रस्त्यावरच्या ढाब्यांतल्या निम्म्या तंदूरभट्ट्या त्यांच्या हातच्या आहेत.

त्यांचा धंदा जुन्या लोखंडी ड्रमचा. ड्रम कापायचा, आतून साफ करायचा, जाळी बसवायची, दार लावायचं, की झाली भट्टी. यात वेल्डिंग कुणीही शिकतो. खरी अक्कल लागते ती ड्रम निवडायला. भंगारवाला सगळे ड्रम एकाच निळ्या रंगाने रंगवून ठेवतो. त्यात आधी गोडेतेल होतं, की ग्लिसरीन, की शेतात फवारायचं औषध, हे बाहेरून ब्रह्मदेवालाही कळणार नाही. ड्रम आतून जाळून घेतला, सोड्याने धुतला, तरी एक जागा राहतेच. तळाचा पत्रा आणि अंगाचा पत्रा एकमेकांत दुमडून काठ बनवलेला असतो, त्या घडीत गेलेलं काही बाहेर येत नाही. भट्टी तापली की मग सावकाश येतं.

म्हणून संभाजीराव त्या काठाशी नाक नेत, डोळे मिटत आणि बराच वेळ तसेच राहत. ड्रम पसंत पडला तर खिशातला खडू काढून तळावर एक गोल खूण करत. खूण झाली की कापायचा, नाही झाली की ड्रम परत. तीस वर्षं हा नेम चालला. दुसरे फॅब्रिकेटर आपापले ड्रम टेम्पोत घालून त्यांच्याकडे खूण करून घ्यायला येत, आणि त्याबद्दल संभाजीराव कुणाचा चहासुद्धा घेत नसत.

मग ती कोरोनाची साथ आली. त्यांना दुसऱ्या लाटेत लागण झाली. बरे होऊन घरी आले, जेवायला बसले, आणि सुंदराबाई धावत येऊन तव्यावरची करपलेली भाकरी काढू लागल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण चुलीपासून हातभर अंतरावर बसलो आहोत आणि आपल्याला काहीही कळलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, बऱ्याच जणांचा वास परत येतो. संभाजीरावांनी वर्षभर वाट पाहिली. रोज सकाळी हिंगाची डबी, रॉकेलचा बोळा, फिनेल असं सगळं नाकाशी धरून बसायचे. फिनेलने डोळ्यांतून पाणी यायचं, पण वास नाही. एकदा त्यांनी डबी भिंतीवर फेकून मारली. घरभर हिंग सांडला आणि सुंदराबाई शिंकत शिंकत रडल्या, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

शेड बंद करायची नव्हती. म्हणून सुंदराबाई रोज अकराला चहाचा थर्मास घेऊन शेडवर यायला लागल्या. नवा ड्रम आलेला असला की संभाजीराव नेहमीसारखे वाकायचे, डोळे मिटायचे, आणि बाई सहज पलीकडून येऊन काठाशी उभ्या राहायच्या. मग त्या म्हणायच्या, “चहा घ्या आता.” म्हणजे ड्रम चांगला. “चहा निवला” असं म्हणाल्या तर परत पाठवायचा. या वयातही बायको नवऱ्याला हातात चहा द्यायला येते याचं ढाबेवाल्यांना फार कौतुक वाटे. चार वर्षांत एकही ड्रम चुकला नाही.

आता मी यात कसा आलो ते सांगतो. मी श्रीधर, राहायला कर्वेनगर, चौतीस वर्षं महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला. माझा मुलगा आमोद आयटीत आहे. त्याने कॅनडाला निघालेल्या एका सहकाऱ्याकडून स्मोकर विकत घेतला. स्मोकर म्हणजे कमरेएवढी उंच, काळी, लोखंडी नळकांडी. खाली कोळसे आणि लाकडाचे ढलपे, मध्ये पाण्याची थाळी, वर जाळीवर कोंबडी, आणि सगळ्यावर झाकण. चार-पाच तास धूर आणि वाफ खाऊन कोंबडी शिजते. श्यामला, म्हणजे माझी पत्नी, ही वस्तू घरात घेईना. “ते तुमचं स्मशान परसात मांडा,” असं म्हणून तिने तिचा निकाल लावला होता.

त्या स्मोकरची पाण्याची थाळी गंजून चाळण झाली होती. बाजारात तशी मिळत नव्हती, कारण आतले तीन टेकू समान अंतरावर नव्हते. कुठल्या तरी परदेशी शहाण्याने ते मनाला येईल तिथे बसवले होते. आमोदचा मित्र विक्रम याची पुण्यात तीन हॉटेलं आहेत. संभाजीरावांचं नाव त्यानेच सांगितलं. शिवाय त्याच्या डोक्यात वेगळंच होतं. त्याला हॉटेलांसाठी असे बारा स्मोकर ड्रममधून बनवून हवे होते. रविवारी आमच्याकडे कोंबडी खायला येतो, थाळीचं काम बघतो, आवडलं तर बाराच्या बारा ओव्हाळांनाच देतो, असं तो म्हणाला. आमोदने हे संभाजीरावांच्या कानावर घातलं.

मी थाळीचं माप द्यायला गेलो तेव्हा शेडमध्ये ते एकटे होते. भिंतीवर बुद्धाची लहानशी मूर्ती, तिच्याखाली खिळ्याला काळा चष्मा, आणि दारात ठेवलेलं बाईंचं बसायचं रिकामं पिंप. सुंदराबाई पाच आठवड्यांपासून श्रीरामपूरला होत्या, मुलीच्या, दीपालीच्या बाळंतपणासाठी. या पाच आठवड्यांत संभाजीरावांनी ड्रमचं प्रत्येक काम काही ना काही सांगून परत लावलं होतं. अंग दुखतंय, मशीन बिघडलंय, पत्रा मिळत नाही. ढाबेवाले दोनदा ऐकतात, तिसऱ्यांदा दुसरीकडे जातात. ते जायला लागले होते. मला यातलं काही माहीत नव्हतं. मला दिसला तो एक साठीच्या जवळ आलेला, खांदे वाकलेला माणूस, जो माझ्या स्मोकरच्या टेकूंचं माप टेपने न घेता, लग्नपत्रिकेचा जाड कागद आत घालून, बोटाने दाबून, कात्रीने कापून घेत होता. तो कागदी नमुना तीनही टेकूंवर केसाएवढाही न हलता बसला. मी मनात म्हटलं, माणूस कामाचा आहे.

ते म्हणाले, मंगळवारी देतो. सुंदराबाई सोमवारी परत यायच्या होत्या, म्हणून मंगळवार. पण हे मला कसं कळणार. मी म्हणालो, “रविवारी माणसं जेवायला येणार आणि थाळी मंगळवारी. मग तिची काय पूजा घालू?”

ते हसले नाहीत. थोडा वेळ नमुन्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “देतो शनिवारी.”

त्या वेळी त्यांच्या मनात काय चाललं होतं हे त्यांनी मला पुढे सांगितलं, तेव्हा मला ऐकवेना. बारा स्मोकर मिळाले तर ड्रमचं काम पुन्हा उभं राहणार होतं. नाही मिळाले तर उरलेलं आयुष्य खिडक्यांच्या जाळ्या जोडायच्या, ज्या कुणीही जोडतो. थाळी कोऱ्या पत्र्याचीही झाली असती, पण विक्रमला ड्रमचं काम बघायचं होतं. भंगारवाला शपथेवर म्हणाला होता, हा बुटका ड्रम गोडेतेलाचा आहे. तो त्यांनी दोनदा जाळला. तीनदा धुतला. मग दिवसभर वाळवणासारखा उन्हात उपडा घालून ठेवला. काठाशी नाक नेऊन बसले, नेहमीसारखे डोळे मिटून, समोर कुणी नसताना. “काही येतंय का बघत होतो,” ते म्हणाले. “कधी वाटायचं येतंय. मग वाटायचं, मीच आणतोय ते मनात.” शेवटी त्यांनी ड्रमचा तळ काठासकट, चार बोटं उंच ठेवून कापून घेतला. तीच थाळी. काठाची घडी तशीच ठेवावी लागते, तिच्यामुळेच थाळी वाकत नाही.

शनिवारी दुपारी ते थाळी घेऊन आमच्याकडे आले. मी ती स्मोकरमध्ये बसवून पाहिली. काठाला जोडलेले तीन कान तीन टेकूंवर असे बसले की आवाजसुद्धा झाला नाही. मी काम छान आहे म्हणालो. ते मात्र उभेच.

“सर, एकदा वास घेऊन बघता का?” ते म्हणाले. “तुम्ही रसायनाचे मास्तर.”

मी थाळी उचलून नाकाशी धरली. लसणासारखा वास आला. मंद, पण आला. आता इथे मला थांबून माझ्याबद्दल चार शब्द सांगावे लागतील, आणि ते सांगायला मला मुळीच आवडत नाही. आमच्या घरात, माझ्या लहानपणी, ‘वास येतो’ हे वाक्य माणसांबद्दल वापरलं जायचं. कुठल्या माणसांबद्दल ते सांगायची गरज नाही. माझी एक आत्या कामाला आलेल्या माणसाने पाणी पिऊन ठेवलेलं भांडं चिमटीत धरून नाक मुरडायची. मला त्याची शरम वाटायची, आणि मोठा झाल्यावर मी ठरवलं की हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघणार नाही. चाळीस वर्षं मी या ठरावाचा अभिमान बाळगला. येरवड्याहून आलेला, ओव्हाळ आडनावाचा, वयाने जाणता माणूस माझ्यासमोर उभा होता. त्याच्या वस्तूला लसणाचा वास येतोय हे मी कसं म्हणू? त्याच्या डब्यात चटणी असेल. त्याच्या हाताला लागली असेल. लोक काय काय खातात, आपण कोण विचारणारे?

रसायनशास्त्राच्या मास्तराने हा विचार केला. चौतीस वर्षं पोरांना सांगितलं की वास हा पुरावा असतो, आणि पुरावा हातात आला तेव्हा मी सभ्यपणा केला.

“छान आहे,” मी म्हणालो.

“काही नाही ना?”

“काही नाही.”

त्यांनी श्वास सोडला तो मला अजून ऐकू येतो. मग खिशातून खडू काढला, थाळी उपडी केली आणि तळावर एक गोल खूण केली. ती कसली हे मला माहीत नव्हतं. पायरीवर बसून त्यांनी पाणी मागितलं, तांब्याभर प्यायले आणि म्हणाले, उद्या पेटवाल तेव्हा फोन करा, मला बरं वाटेल.

ते गेल्यावर श्यामला परसात आली. म्हणाली, “लसणाचा वास कसला येतोय?”

“हळू बोल,” मी म्हणालो. “असं बोलू नये. त्यांच्या डब्याचा असेल.”

“डबा त्यांच्या हातात नव्हता,” ती म्हणाली आणि आत गेली.

रविवारी अकराच्या सुमाराला आमोदने कोळसे पेटवले. विक्रम आला, त्याच्याबरोबर आणखी दोघं-तिघं. आमची नात ओवी, वय वर्षं सहा, स्मोकरच्या भोवती गिरक्या घेत होती. थाळीत पाणी ओतलं, जाळीवर दोन कोंबड्या मांडल्या, झाकण लावलं. झाकणाच्या फटीतून धूर यायला लागला आणि ओवी टाळ्या वाजवत त्यात उभी राहिली. थोड्या वेळाने माझा फोन खिशात थरथरला. ‘ओव्हाळ फॅब्रिकेशन’. मला वाटलं, पेटवलं का विचारायला केला असेल. भारी उत्साही गृहस्थ. पाहुणे आहेत, नंतर बोलू. फोन पुन्हा थरथरला. मी त्याचा आवाज बंदच ठेवला आणि विक्रमला लाकडाच्या ढलप्यांची माहिती देत राहिलो. नंतर पाहिलं तेव्हा अकरा मिस्ड कॉल दिसले.

तिकडे काय झालं होतं ते असं. सुंदराबाई एक दिवस आधीच निघाल्या होत्या. नातवाचं तोंड बघून झालं होतं, आणि नवरा फोनवर नीट बोलत नव्हता, म्हणून त्यांच्या जिवात जीव नव्हता. श्रीरामपूरची एसटी येरवड्यावरूनच येते. त्या पिशव्यांसकट थेट शेडवर उतरल्या आणि दारातच थबकल्या. आत ड्रमचा उरलेला वरचा भाग पडला होता.

“ह्यो कुठला ड्रम?” त्यांनी विचारलं.

संभाजीराव म्हणाले, गोडेतेलाचा.

“गोडेतेल न्हाई ह्ये. औषध हाय, लसणावानी वास येतोय. कपाशीवर मारायचं. मी पोरपणी फवारा मारणाऱ्यांच्या मागं सरी धरून चाललेय, मला काय कळत न्हाई?” मग त्यांनी ड्रमचा तळ शोधला. “ह्याचा तळ कुठंय?”

संभाजीरावांनी स्कूटरला किक मारली ती चार वेळा बसली नाही. पाचव्यांदा बसली. बाई पिशव्या शेडमध्ये टाकून मागे बसल्या आणि फोन लावत राहिल्या. येरवड्याहून कर्वेनगर म्हणजे अख्खं पुणं ओलांडायचं. बंडगार्डनच्या पुलावर रविवारची गर्दी, डेक्कनला कसलीशी मिरवणूक, म्हणून पोलिसाने वळवलेली वाहनं. म्हात्रे पुलावर स्कूटर अडकली तेव्हा संभाजीराव फूटपाथवर चढले. लोक शिव्या देत होते. “मला फक्त तुमची ती पोरगी दिसत होती,” ते नंतर म्हणाले. शनिवारी ओवीने त्यांना पाण्याचा तांब्या आणून दिला होता.

ते फाटकातून आले ते चपलांसकट, घरातून सरळ परसात. पेटवलं का, एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता झाकण उचलून बाजूला फेकलं. कोंबड्यांची जाळी दोन्ही हातांनी काढून मातीत टाकली. मग आत हात घालून थाळीचे दोन कान धरले. पाणी उकळत होतं. ते त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, तरी थाळी त्यांनी सोडली नाही. फरशीच्या कोपऱ्यापर्यंत नेली, झाडांपासून लांब, आणि तिथे हळूच ठेवली, सांडू नये म्हणून.

मी काय बोललो ते लिहायला हवं. मी म्हणालो, “संभाजीराव, ही काय पद्धत झाली? घरी पाहुणे आहेत.”

विक्रमने हलक्या आवाजात आमोदला विचारलं, हा प्यायलाय का. संभाजीरावांना ते ऐकू गेलं असणार, पण ते ओवीसमोर खाली बसले होते. भाजलेले हात पाठीमागे लपवून त्यांनी तिला विचारलं, बाळा, तू काही खाल्लंस का. तिने नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी आमच्याकडे वळून तेच विचारलं. कुणीही काही खाल्लं नव्हतं. तिला उचलून आत न्या, तिचं तोंड धुवा, ते म्हणाले. आमोद तिला घेऊन गेला.

मग त्यांनी सांगितलं. ड्रम औषधाचा होता, थाळी विषारी आहे, कोंबड्या पुरून टाका, स्मोकर पुन्हा वापरू नका. विक्रम गोंधळून गेला. तो म्हणाला की तुम्ही वास घेतल्याशिवाय ड्रमला हात लावत नाही म्हणून तर सगळे तुमच्याकडे येतात.

“मला वास येत नाही,” संभाजीराव म्हणाले. “चार वर्षं झाली.”

स्कूटरवरून उतरून मागोमाग आलेल्या सुंदराबाई परसाच्या दारात उभ्या होत्या, धापा टाकत. त्या म्हणाल्या, “म्या घेत होते वास. चार वर्षं. येकबी चुकला न्हाई.”

“आणि या थाळीचा?” विक्रमने विचारलं. “हिचा कोणी घेतला?”

संभाजीरावांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. माझ्या हातात कोंबडी उलटायचा चिमटा होता. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी तोंड उघडलंही असेन, पण त्यातून काही निघालं नाही.

“कुणी नाही,” संभाजीराव म्हणाले.

श्यामला बादलीभर गार पाणी घेऊन आली आणि त्यांचे दोन्ही हात धरून त्यात बुडवले. कामाला आलेल्या माणसाचे हात आमच्या घरात कुणी असे धरलेले मी पहिल्यांदाच पाहिले. तिने सबंध वेळ माझ्याकडे पाहिलं नाही.

विक्रमने बारा स्मोकर दुसरीकडे दिले आणि ढाबेवाल्यांना कळवलं. त्याला मी दोष देत नाही. कळवायलाच हवं होतं. आठ दिवसांत येरवड्यापासून वाघोलीपर्यंत सगळ्यांना कळलं की ओव्हाळला वास येत नाही, बायको घेते. लोक हसले. ज्या चहाचं कौतुक करायचे त्याच चहावर हसले. काहींनी जुन्या, उत्तम चालणाऱ्या भट्ट्यासुद्धा भंगारात काढल्या. तीस वर्षांचं नाव आठ दिवसांत गेलं, आणि ते वाचवू शकणारा एकुलता एक माणूस कर्वेनगरला आरामखुर्चीत पेपर वाचत होता.

दोन महिने मी गेलो नाही. दोनदा निघालो आणि बंडगार्डनहून परत आलो. श्यामलाने या विषयावर अवाक्षर काढलं नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं असं मला वाटायला लागलं. मला नीट जेवण जाईना. लसूण घातलेली कुठलीही भाजी समोर आली की मी ताट बाजूला सारायचो. शेवटी एका मंगळवारी गेलो.

शेड उघडी होती. संभाजीराव खिडकीची जाळी जोडत होते. दोन्ही हातांवर मनगटापासून वर गुलाबी, ताणलेली कातडी आली होती. सुंदराबाई पिंपावर बसून लसूण नव्हे, शेंगा सोलत होत्या. मी तेवढं बघितलं. एकही ड्रम दिसत नव्हता.

“या सर,” ते म्हणाले. “आता हेच. जाळीला वास लागत नाही.”

बाईंनी त्या दिवसापासून ड्रमचा वास घ्यायचं सोडलं होतं. उद्या मला सर्दी झाली तर, असं त्या म्हणत होत्या. कुणाचं तरी पोर मरेल. संभाजीरावांनी महिनाभर त्यांची मनधरणी केली आणि मग सोडून दिलं.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. घरून वाक्यं जुळवून आणली होती, ती सगळी विसरलो. “संभाजीराव, त्या शनिवारी मला वास आला होता.”

त्यांनी जाळी खाली ठेवली. “माहीत आहे, सर. सुंदराला दारातून आला. तुम्ही तर हातात धरली होती.”

“मग त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलं?”

“घेतलं असतं तर मला वास यायला लागला असता का?” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उभं राहणं सोपं गेलं असतं. थोड्या वेळाने ते म्हणाले, “तुम्ही का नाही बोललात, ते मात्र मला कळलं नाही. रोज विचार करतो. मास्तर माणूस, खोटं का बोलेल?”

मी त्यांना कारण सांगितलं. आत्याचं, भांड्याचं, सगळं. सांगताना ते इतकं क्षुद्र वाटलं की मध्येच थांबावंसं वाटलं, पण पूर्ण केलं. सुंदराबाईंचे हात शेंगांवर थांबले होते.

“म्हणजे माझा मान राखलात,” ते म्हणाले.

मी रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. बाकीच्या गोष्टींची वाटते.

ते उठून आत गेले आणि एक थाळी घेऊन आले. तेवढीच, तसेच तीन कान, लग्नपत्रिकेच्या त्याच नमुन्यावर बेतलेली, पण दुकानातून आणलेल्या नव्या कोऱ्या पत्र्याची. कुणी सांगितली नव्हती. आमचा स्मोकर तर आमोदने कधीच फोडून टाकला होता. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, असू द्या, हातांना राहवत नाही.

“घ्या वास,” ते म्हणाले. “आता खरं सांगा.”

मी थाळी दोन्ही हातांनी धरली आणि काठाशी नाक नेलं. डोळे आपोआप मिटले. सगळा काठ गोल फिरवत मी सावकाश वास घेतला, आयुष्यात कुठल्या परीक्षानळीचा घेतला नसेल इतका काळजीपूर्वक.

“लोखंडाचा,” मी म्हणालो. “फक्त लोखंडाचा.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी मान हलवली. खिशातून खडू काढला, बोटांत धरला. मग थाळी माझ्या हातातून घेतली आणि सुंदराबाईंसमोर धरली.

बाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओटीतल्या शेंगा बाजूला ठेवल्या, पदराला हात पुसले आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदा काठाशी वाकल्या.

“लोखंडच हाय,” त्या म्हणाल्या.

तेव्हा संभाजीरावांनी थाळी उपडी करून तळावर गोल खूण केली, आणि जिला गिऱ्हाईक नव्हतं ती थाळी फळीवर ठेवून ते जाळीकडे परत वळले.